गुरगुरतंय, पण फिरंना!

गावाकडे हौसेने पाठवलेलं वॉशिंग मशीन अचानक कपडे पिळायचं बंद करतं. मेकॅनिक दुसऱ्या गावात, आपण पुण्यात. मग?

पहिल्या दिवाळी बोनसचा फंडा आपल्यापैकी अनेकांचा ठरलेला असतो. स्वतःला मोबाइल, आणि गावाकडे आईला वॉशिंग मशीन! दुकानात हप्ते बांधायचे, टेम्पोत चढवून द्यायचं, डेमोवाला येऊन गेला की फोनवर विचारायचं, ‘कसं चाललंय मशीन?’ पलीकडून उत्तर येतं, ‘झक्कास!’ हे उत्तर पुढची कित्येक वर्षं बदलत नाही. मशीन झक्कास चालत असो वा नसो.

माझ्या मावशीचं मशीन दीड महिना कपडे पिळत नव्हतं आणि माझ्या मावसभावाला त्याचा पत्ताच नव्हता.

मावशी राहते येरमाळ्याला. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हायवेवरचं, बालाघाटच्या डोंगरातलं गाव. जिल्हा धाराशिव, तालुका कळंब. येडेश्वरी देवीमुळे अख्ख्या मराठवाड्याला माहीत असलेलं. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला मावशीचं घर पाहुण्यांनी नुसतं ओसंडत असतं. यात्रा झाली, पाहुणे पांगले, आणि मी पोचले ती शनिवारी सकाळी. मागच्या दारी मावशी आणि काका समोरासमोर उभे. दोघांच्या हातात एका चादरीची दोन टोकं. ती इकडून पीळ देतेय, ते तिकडून. शेजारीच मशीन, झालर लावलेलं कव्हर घालून थाटात उभं!

‘मावशी, हे काय?’

‘अगं, धुतंय चांगलं. पण पिळंना. गुरगुरतंय नुसतं, फिरंना.’

‘दादाला सांगितलंस?’

‘कशाला त्याच्या जिवाला घोर? एवढे पैसे घातलेत पोरानं.’

आता मुद्दा असा, की मशीनने कपडे धुतले पण पिळले नाहीत, तर अर्ध्याहून जास्त काम बाईच्याच हातात राहतं. साबण लावणं, घासणं हा हाताच्या धुण्यातला सोपा भाग. मनगटाचा खरा जीव घेतं ते पिळणं. भिजलेली डबलबेडची चादर किंवा जुन्या लुगड्यांची वाकळ उचलून बघा एकदा, जिमची मेंबरशिप रद्द कराल! टॉपलोड मशीनचं टब पिळताना मिनिटाला साधारण सातशे फेऱ्या मारतं, फ्रंटलोड हजार ते चौदाशे. त्या वेगाने कपड्यातलं पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. तुमच्या आईचं मनगट वाचतं ते या फेऱ्यांमुळे. बाकी सगळी बटणं, ते सोळा प्रोग्रॅम वगैरे, दुकानदाराचं बोलणं सजवायला.

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून आयटीत खुर्ची गरम करणाऱ्या हजारो जणांपैकी मी एक. त्यामुळे बाह्या सरसावल्या.

मशीन बिघडलेलं नसतं, नाही म्हणत असतं

पिळणं हे मशीनचं सगळ्यात धोक्याचं काम. पाच-सहा किलो ओले कपडे, तो वेग, आणि आसपास लहान मुलं. म्हणून मशीन त्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारतं. पाणी पूर्ण गेलं का? झाकण नीट लागलंय का? वजन सगळीकडे सारखं आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, की ते फिरायला नकार देतं, बीप बीप करतं आणि थांबतं. घरच्यांना वाटतं, जळलं!

म्हणून पहिलं काम सोपं. झाकण उघडून आत बघायचं. मावशीच्या मशीनमध्ये चार बोटं पाणी उभं होतं. म्हणजे अडलं होतं ते पहिल्याच प्रश्नावर. पाणी जात नव्हतं म्हणून टब फिरत नव्हतं, आणि जी गुरगुर ऐकू येत होती ती पाणी सोडणाऱ्या छोट्या मोटरची. अशा वेळी फिरणाऱ्या मोटरच्या नादी लागायचं कारणच नाही. पाणी कुठे अडलंय ते शोधायचं. पाइप मुडपलाय का, भिंत आणि मशीनमध्ये चेपलाय का, आत एखादं नाणं किंवा बटण गेलंय का. फ्रंटलोड असेल तर खालच्या छोट्या दारामागचा फिल्टर काढून बघायचा. (खाली ताट ठेवा, नाहीतर मोरीबाहेर पूर येईल.)

मी पाइपचा माग काढत गेले, तर तो जमिनीवरून उठून थेट एका निळ्या बॅरलमध्ये शिरला होता. चांगला अडीच-तीन फूट उंच.

‘शिवरात्र झाली की बोअरचं पाणी कमी येतंय बघ,’ मावशी म्हणाली. ‘एवढं पाणी नालीत सोडायचं? संडासला होतंय, फरशी पुसायला होतंय.’

बोला आता काय बोलता ते! टॉपलोड मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या पुढे पाणी सहज पितं. ज्या मराठवाड्यात एप्रिल २०१६मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईने ते डोळ्यांदेखत वाहू द्यावं, ही अपेक्षाच चुकीची. मावशीचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त तिच्या मशीनमध्ये पाणी वर फेकणारा पंप नव्हता. अनेक टॉपलोड मशीनमध्ये तो नसतो. झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने उताराला लागतं. पाइप वर उचलला की पाणी चढणार कसं? ते टबात थांबतं, पातळी मोजणारा स्विच सांगतो ‘अजून पाणी आहे’, आणि खेळ खल्लास. फ्रंटलोडला आणि काही टॉपलोडला पंप असतो, तिथे उलटा नियम. पाइप ठरावीक उंचीवर अडकवावा लागतो, खाली टाकला तर पाणी भरतानाच निघून जातं. आपल्या मशीनचा प्रकार कोणता, हे माहितीपुस्तिकेत पाइपच्या चित्राजवळच लिहिलेलं असतं. ती पुस्तिका कुठे असते? कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत, प्लास्टिकसकट!

पाइप खाली टाकला, पाणी भसाभस गेलं, आणि टबाने जो सूर धरला! काका चहाचा कप तसाच धरून बघत राहिले. पण मावशीचा प्रश्न शिल्लक होता, ‘आणि पाणी?’ तो सुटल्याशिवाय मी पुण्याला पोचायच्या आत पाइप पुन्हा बॅरलमध्ये गेला असता, हे नक्की. सुदैवाने घराचं जोतं दोन फूट उंच आहे. मोरीच्या भोकातून पाइप बाहेर काढला आणि परसात जमिनीवर पसरट टाकी ठेवली. आता पाणी उतारानेच जातं आणि टाकीत साठतं. दोनच गोष्टी सांभाळायच्या. पाइप फार लांब वाढवायचा नाही, आणि त्याचं तोंड पाण्यात बुडू द्यायचं नाही. जोतं नसेल तर मिस्त्रीकडून मशीनसाठी पक्का, रुंद ओटा बांधून घेता येतो. विटांवर विटा रचून मशीन उचलण्याचा उद्योग मात्र कृपया नको.

वाकळ, लुगडं आणि शहाबादी फरशी

चादरी पिळून झाल्या. खूश होऊन मावशीने वाकळ टाकली. धाड, धाड, धाड! मशीन दोन वीत सरकलं आणि थांबलं. हा तिसरा प्रश्न, वजनाचा. एकटी वाकळ पाणी पिऊन एका बाजूला बसते. टब वाकडं हेलकावतं, मशीन पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करायचा प्रयत्न करतं (दुष्काळात हे फारच महाग पडतं), आणि शेवटी हात टेकतं. नऊवारी लुगड्याचंही तेच. इतर कपड्यांना गुंडाळत त्याचा एक जाडजूड दोर होतो. उपाय सोपा आहे. मशीन थांबवायचं, गुंता सोडवायचा, जड कपडा टबाच्या कडेने गोल पसरायचा, समोरच्या बाजूला दोन टॉवेल टाकायचे. भरगच्च वाकळ मशीनमध्ये टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत. ताडपत्री, रेनकोट तर मुळीच नाही. त्यांच्यातून पाणी बाहेर पडत नाही, आणि वेगात मशीन अक्षरशः उडी मारतं.

आणि खालची फरशी! शहाबादी दिसते छान, पण असते खालीवर. मिस्त्रीची पाणसळ झाकणावर आडवी-उभी ठेवा, बुडबुडा मधे येईपर्यंत मशीनचे पाय फिरवा. मावशीकडे एक पाय चक्क हवेत होता.

झाकणाचा प्रश्न उरला. त्याचा खटका मोडलेला किंवा झाकण तिरकं झालेलं असू शकतं. जोर देऊन दाबल्यावर मशीन फिरायला लागलं, तर रोग तिथेच. पण त्या खटक्याला तार जोडून किंवा चिकटपट्टी लावून फसवायचं नाही. फिरत्या टबात हात गेला तर काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

रात्रीचं धुणं आणि १६० व्होल्ट

हे शहरातल्या पोरांच्या लक्षातच येत नाही. मावशीकडे तिन्हीसांजेला पंखा मंदावतो. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर बघितलं, आकडा १६०. हवेत २३०. साध्या इंडक्शन मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे १६० व्होल्टला ती तीस टक्क्यांनी कमी होत नाही, तर निम्म्याच्याही खाली उतरते! मोटर घूं घूं करते, टब हलत नाही, आणि असंच रेटत राहिलं तर वाइंडिंग तापून खरंच जळते. दुपारी फिरणारं मशीन रात्री फिरत नसेल तर मेकॅनिकला नाही, व्होल्टेजला धरा. धुणं दुपारी उरका किंवा मशीनच्या क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा. नव्या इन्व्हर्टर मोटरवाल्या मशीनचं गणित थोडं वेगळं असतं, पण फार खाली उतरलेलं व्होल्टेज त्यांनाही चालत नाही. आणि हो, अर्थिंग! तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडात घालून ओल्या मोरीत मशीन चालवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

भरपूर व्होल्टेज असूनही नुसती घूं घूं येत असेल तर पहिला संशयित कपॅसिटर. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा हा डबा काहीशे रुपयांत बदलून मिळतो. पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, त्यामुळे तो मेकॅनिकनेच हाताळावा. मी इंजिनिअर असूनही हात लावला नसता.

शेजारच्या काकूंकडे सेमी-ऑटोमॅटिक होतं, त्यांनीही मला सोडलं नाही! त्यात पिळायच्या छोट्या टबाला वेगळी मोटर असते. झाकण उघडलं की तारेने ओढला जाणारा ब्रेक लागतो. ती तार सैल झाली किंवा तुटली की ब्रेक लागलेलाच राहतो आणि टब जागचं हलत नाही. त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. कपड्यांवर ठेवायची जाळीदार चकती न ठेवल्याने एखादा मोजा टबाखाली जाऊन अडकलाय का? काकूंच्या टबाखालून रुमाल निघाला. वर्षापूर्वी हरवलेला.

चुनखडी यात्रेत, चुनखडी पाइपात

येरमाळ्याच्या यात्रेत भाविक चुनखडी वेचतात, हा इथला मोठा मान. इथल्या जमिनीत ती आहेच. आणि जमिनीतला चुना बोअरच्या पाण्यात उतरतो. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर तोच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचा जडपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतं. मशीनमध्ये हा थर पाणी घेण्याच्या जाळीवर, पाणी सोडण्याच्या झडपेवर बसत जातो. झडप अर्धवट उघडते, पाणी रेंगाळतं, आणि पुन्हा तोच पहिला प्रश्न. फ्रंटलोडमध्ये ड्रमला मागून धरणारा अॅल्युमिनियमचा तीन हातांचा सांगाडा साबणाच्या आणि क्षारांच्या थराखाली हळूहळू खाल्ला जातो. तो मोडला तर खर्च ऐकून घेरी येते.

त्यावर कंपनी सांगते ती डिस्केलिंग पावडर दोन-तीन महिन्यांतून एकदा, रिकाम्या मशीनमध्ये. पुस्तिकेत परवानगी असेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिडही चालतं. मात्र त्यासोबत ब्लीच कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पावडरही बादलीत भिजवायची नको, मशीनचीच घ्या आणि मापात घ्या. फेस फार झाला तरी पाणी नीट जात नाही आणि टब अडतं.

एवढं सगळं करून फिरलं नाही, तर मेकॅनिक. उंदरांनी खालून वायरी कुरतडल्यात का, बेल्ट सुटलाय का, क्लच गेलाय का, हे त्याने बघायचं. येरमाळ्याला तो कळंब, बार्शी किंवा धाराशिवहून येणार, म्हणजे एकाच फेरीत काम व्हायला हवं. म्हणून फोनवर ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. आत पाणी उरतंय का, आवाज येतो का, आला तर कसा, दुपारी आणि रात्री फरक पडतो का, स्क्रीनवर कोणती अक्षरं आली, हे सांगा. मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, म्हणजे तो योग्य पार्ट घेऊनच निघेल. आणि घरी फोन कराल तेव्हा ‘मशीन कसं चाललंय?’ असं विचारू नका. विचारा, ‘कपडे दोरीवर टाकताना पाणी ठिबकतं का?’