'सीआयडी'तले दार तुटते, मौन मात्र तुटत नाही!

वर्धा, प्रतिनिधी : बंद दार दिसले की दयाने खांद्याच्या एका धक्क्यात ते पाडायचे, एसीपी प्रद्युम्न यांनी हवेत बोटे फिरवीत 'कुछ तो गडबड है' म्हणायचे आणि प्रयोगशाळेत डॉ. साळुंखे प्रेतावरची चादर बाजूला करीत असताना इन्स्पेक्टर अभिजितने मात्र प्रेताऐवजी डॉ. तारिकाकडे पाहायचे. सोनी वाहिनीवरील 'सीआयडी' या मालिकेने हा शिरस्ता वर्षानुवर्षे पाळला. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली, तोवर तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. एवढ्या काळात या पथकाने असंख्य खुनांचा छडा लावला. दोन प्रेमप्रकरणांचा निकाल मात्र त्यांना लावता आला नाही.

त्यातले पहिले अभिजित आणि तारिकाचे. आदित्य श्रीवास्तव यांनी साकारलेला अभिजित हा पथकातला सर्वांत चिकित्सक अधिकारी. भूतकाळाचा काही भाग विस्मृतीत गेलेला, त्यामुळे मुळातच एकटा. श्रद्धा मुसळे यांची तारिका ही साळुंख्यांची सहायक, न्यायवैद्यक तज्ज्ञ. 'तारिकाजी' अशी आदरार्थी हाक, एखादी कोटी, तारिकाचे ओठांत दाबलेले हसू आणि मध्येच साळुंख्यांचा खाकरणारा आवाज. बस्स, एवढ्यावरच हे प्रकरण वर्षे चालले. नरेंद्र गुप्ता यांनी साळुंख्यांचा वैताग असा काही रंगवला की, मुलीला पाहायला आलेल्या स्थळावर नजर ठेवणाऱ्या मामाची आठवण व्हावी.

दुसरे प्रकरण अधिक अबोल. दयानंद शेट्टी यांचा दया आणि २०१२ मध्ये पथकात आलेली जान्हवी छेडा यांची इन्स्पेक्टर श्रेया. दोघांच्या मनात काय आहे हे पथकातल्या शिपायापासून प्रेक्षकांच्या घरातल्या आजीपर्यंत सर्वांना ठाऊक. फक्त ते एकमेकांना सांगत नाहीत. श्रेयाचे लग्न दुसरीकडे ठरण्यापर्यंत कथा गेली, तरी हा धिप्पाड माणूस तोंड उघडत नाही. सागवानी दारे पाडणाऱ्याला एक वाक्य जड व्हावे, यातली गंमत आणि कारुण्य प्रेक्षकांनी बरोबर टिपले. दोन्ही जोड्यांच्या नावांचे तुकडे सांधून चाहत्यांनी 'अभिरिका' आणि 'दरेया' अशी जोडनावे तयार केली, त्यांच्यावर स्वतः कथा लिहिल्या आणि मालिकेने जे टाळले ते कागदावर घडवून आणले.

मालिकेने ते का टाळले, याचे पहिले उत्तर रचनेत आहे. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी 'सीआयडी' बांधली ती सुट्या प्रकरणांवर. प्रेक्षकाने चार आठवडे मालिका पाहिली नाही तरी पाचव्या आठवड्यात त्याचे काही अडू नये, हा या बांधणीचा पाया. सासू-सुनांच्या मालिका याच्या नेमक्या उलट चालतात; तिथे एक दिवस चुकला की कोण कोणाची बायको हे विचारावे लागते. प्रेम पुढे सरकले की साखरपुडा येतो, लग्न येते, रुसवेफुगवे येतात आणि सुट्या प्रकरणांची माळ विस्कटते. म्हणून प्रेम जागच्या जागी ठेवणे हाच सोयीचा मार्ग. प्रत्येक भागात एक कटाक्ष, आणि पुढच्या भागात पुन्हा पहिल्यापासून.

दुसरे कारण व्यवहाराचे. वीस वर्षांत या पथकातून अनेक चेहरे आले आणि गेले. सुरुवातीच्या काळात आशुतोष गोवारीकर आणि अश्विनी काळसेकर हेही याच पथकात होते, हे आज अनेकांना आठवणारही नाही. कलाकार मालिका सोडून गेला की त्याच्या वाट्याची प्रेमकथा अधांतरी राहते. गुंतवणूक जितकी कमी, तितके नुकसान कमी. शिवाय ही मालिका मुलाबाळांसह, ताट वाढून घेऊन पाहिली जात असे. खून चालतो, पण मुलांसमोर प्रेमाचा प्रसंग आला की वाहिनी बदलली जाते, हा आपल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यातला जुना आणि काहीसा विचित्र नियम. लेखकांनी तो ओळखला होता.

पथकातल्या लोकांना घर नव्हतेच, असे नाही. दिवंगत दिनेश फडणीस यांच्या फ्रेडीला (फडणीस यांचे डिसेंबर २०२३ मध्ये निधन झाले) बायको होती आणि तिचा धाकही होता. पण तो विनोदाचा भाग. गंभीर घर ज्याला मिळाले त्या प्रद्युम्न यांच्या वाट्याला काय आले? गुन्हेगार झालेल्या नकुल या मुलावर स्वतःच्या हाताने गोळी झाडण्याचा प्रसंग. शिवाजी साटम यांनी तो बाप अशा ताकदीने उभा केला की, या खात्यात घर असणे म्हणजे घाव असणे, हे समीकरण मालिकेत कायमचे बसून गेले.

भारतीय गुप्तहेर सुरुवातीपासूनच असे ब्रह्मचारी होते, हे मात्र खरे नाही. दूरदर्शनवर १९८५ मध्ये आलेल्या 'करमचंद'मध्ये पंकज कपूर यांचा गाजरे चावणारा गुप्तहेर आणि सुश्मिता मुखर्जी यांची किटी यांच्यात लटकी नोकझोक होती. बासू चटर्जी यांच्या 'ब्योमकेश बक्षी'त तर एका प्रकरणाच्या तपासात भेटलेल्या सत्यवतीशी नायक चक्क लग्न करतो आणि संसार सांभाळून तपास करतो. ती सत्यवती साकारली होती आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी.

अमेरिकेत या प्रश्नाला नावच पडले आहे. 'मूनलाइटिंग' (१९८५-८९) या मालिकेत गुप्तहेर संस्था चालवणारे दोन भांडखोर सहकारी प्रेक्षकांना हवे होते तसे एकत्र आले आणि त्यानंतर मालिकेची घसरण झाली. तेव्हापासून 'जोडी जमली की मालिका संपली' हा तिथल्या लेखकांचा धसका. वास्तविक त्या घसरणीला १९८८ मधील लेखकांचा संप आणि नायिकेचे बाळंतपण हीदेखील कारणे होती. उलट उदाहरण 'बोन्स'चे. त्यातही एक पोलिसी बाण्याचा अधिकारी आणि एक हाडे वाचणारी शास्त्रज्ञ, म्हणजे अभिजित-तारिकाचेच परदेशी भावंड. त्यांचे लग्न २०१३ मध्ये लावून दिले गेले, तरीही मालिका २०१७ पर्यंत सुखाने चालली. तेव्हा लग्नाने मालिका मरते हे काही शास्त्र नव्हे.

वर्ध्यात असते तर?

पडद्यावरचे हे प्रकरण वर्धा जिल्ह्यात आणून ठेवले तर मोठी अडचण होते. पहिली म्हणजे येथे एसीपीच नाही. ते पद आयुक्तालयाच्या शहरांत असते. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात आणि गंभीर गुन्ह्यांमागे धावते ती स्थानिक गुन्हे शाखा. राज्याच्या खऱ्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याच्याकडे निवडक प्रकरणेच सोपवली जातात.

दुसरी अडचण प्रेमाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. वर्ध्याचा अभिजित आणि त्याची तारिका यांची भेट होणार कुठे? मालिकेत साळुंखे आणि तारिका शवविच्छेदनही करतात, रक्तही तपासतात, विषही ओळखतात आणि बोटांचे ठसेही जुळवतात. प्रत्यक्षात ही कामे वेगवेगळ्या ठिकाणी होतात. शवविच्छेदन करतात ते शासकीय रुग्णालयातील किंवा सेवाग्राम, सावंगीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या न्यायवैद्यक विभागातील डॉक्टर. (सेवाग्रामच्या याच विभागातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचारपीडितांच्या वैद्यकीय तपासणीतील त्रुटींवर अहवाल तयार केला आणि त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. पडद्यावरच्या कोणत्याही साळुंख्यांपेक्षा हे काम मोठे.) व्हिसेरा, रक्ताचे कपडे, केस असा मुद्देमाल मात्र पंचनामा करून, पंचांच्या सह्यांसह सीलबंद होतो आणि पत्रासोबत सुमारे ७५ किलोमीटरवरच्या नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. तो घेऊन जातो एखादा हवालदार. तपास अधिकारी जात नाही. प्रयोगशाळेतल्या विश्लेषकासमोर येते ते पाकीट, त्यावरचे सील आणि गुन्ह्याचा क्रमांक. पुढे येणाऱ्या कागदाला पोलीस ठाण्यात 'सीए रिपोर्ट' म्हणतात आणि त्याची वाट पाहण्यात तपास अधिकाऱ्याचे बरेच आयुष्य जाते.

हे अंतर केवळ गैरसोयीचे नाही. न्यायसहायक प्रयोगशाळांचे संचालनालय गृह विभागाच्या अखत्यारीत असले तरी ते पोलीस दलापासून वेगळे ठेवलेले आहे. तपास करणाऱ्याला आरोपी दोषी ठरावा असे वाटणे स्वाभाविक. पाकिटात काय आहे हे सांगणाऱ्याला मात्र काहीच वाटता कामा नये. शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल न्यायालयात पुष्कळदा तज्ज्ञाला साक्षीस न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. कायद्याने एवढा विश्वास टाकलेल्या कागदावर सही करणारी व्यक्ती तपास अधिकाऱ्याच्या प्रेमात असेल, तर बचाव पक्षाच्या वकिलाला दुसरे काय हवे? उलटतपासणीतला पहिला प्रश्न रक्तगटावर येणार नाही. तो 'तारिकाजी'वर येईल. अहवाल शंभर टक्के खरा असला तरी त्यावर संशयाची सावली पडेल आणि त्या सावलीचा फायदा आरोपीला मिळेल. मालिकेच्या लेखकांनी त्या दोघांना बोलू दिले नाही, यात नकळत का होईना, फिर्यादीचे भलेच झाले.

गंमत अशी की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने हे अंतर थोडे कमी केले आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद कलम १७६ मध्ये आहे आणि राज्यांना ती पाच वर्षांच्या मुदतीत अमलात आणायची आहे. म्हणजे कारंजा किंवा समुद्रपूरच्या एखाद्या शेतात तपास अधिकारी आणि तज्ज्ञ आता एकाच पिवळ्या पट्टीच्या आत उभे राहतील.

होकार, नकार आणि हुद्दा

दया आणि श्रेया यांचा प्रश्न निराळा. ते एकाच पथकातले, पण दया ज्येष्ठ. राज्य शासनाच्या सेवेत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आल्यानंतर पोलीस दलात स्त्री-पुरुष सहकारी असणे नवलाचे राहिले नाही आणि दोघेही खाकीत असलेली दाम्पत्ये बहुतेक जिल्ह्यांत आढळतात. सेवा नियमांनी सहकाऱ्याशी विवाहाला मनाई केलेली नाही; मनाई आहे ती पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न करण्याला आणि हुंड्याला. उलट पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी, असेच शासनाचे बदल्यांचे धोरण सांगते.

कायदा जिथे डोळे वटारतो ती जागा वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि त्यानंतर २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा यांनी कसोटी ठेवली ती समोरच्या स्त्रीला ते वागणे हवे आहे की नको आहे, याची. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, जिल्ह्यात स्थानिक समिती हवी आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायला हवी. या कसोटीवर अभिजितच्या कोट्या आज पुन्हा पाहिल्या तर थोडे अवघडल्यासारखे होते. तारिका हसते म्हणून ते निभावते. ती हसली नसती तर? वरिष्ठ अधिकारी रोज प्रयोगशाळेत येऊन सर्वांदेखत स्तुती करतो आणि सारे पथक गालातल्या गालात हसते, हा प्रसंग तिच्या बाजूने तितका गोड राहत नाही.

दया इथे उजवा ठरतो. त्याचे मौन कित्येकांना भित्रेपणाचे वाटले; पण श्रेयाचे लग्न ठरले तेव्हा तो बाजूला उभा राहिला, आडवा आला नाही. याच जिल्ह्यात हिंगणघाट येथे ३ फेब्रुवारी २०२० रोजी महाविद्यालयात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. आरोपी तिचा सहकारी नव्हता, तिचा पिच्छा पुरवणारा होता. १० फेब्रुवारी रोजी नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला आणि बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. अशा घटनांच्या बातम्यांत 'एकतर्फी प्रेम' हा शब्द वर्षानुवर्षे सर्रास छापला गेला. त्या शब्दाने गुन्ह्याला उगाच एक हळवी किनार मिळते. एकतर्फी प्रेम असलेच तर ते दयाचे होते, आणि त्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही.

सहा वर्षांच्या खंडानंतर 'सीआयडी'चे दुसरे पर्व २१ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाले. प्रेक्षकांना खेचून आणण्यासाठी निर्मात्यांनी हुकमाचा पत्ता कोणता काढला? कुणाचे लग्न नव्हे. अभिजितने दयावर पिस्तूल रोखले. वीस वर्षे एकाच गाडीतून फिरलेल्या, एकमेकांसाठी गोळी झेलणाऱ्या त्या दोघांची मैत्री हेच या मालिकेतले सर्वांत घट्ट नाते होते. तारिका आणि श्रेया यांच्या चाहत्यांना हे फारसे रुचणार नाही, पण जाहिरातीचा तो एक तुकडा पाहून जुने प्रेक्षक जेवढे हळहळले, तेवढे कोणत्याही मोडलेल्या सोयरिकीवर हळहळले नव्हते.