सर्व्हर चालू आहे, बिलाचे काय?

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या शेजारी ‘ईएसडीएस’ या कंपनीचे डेटा सेंटर आहे. पियूष सोमाणी यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीची ‘एनलाइट’ ही क्लाउड सेवा. वेबसाइटवर गर्दी वाढली की त्याच सर्व्हरची ताकद वाढते, ओसरली की कमी होते आणि ग्राहक पैसे देतो ते प्रत्यक्ष वापराचे. सतत बदलणारा हा वापर अचूक मोजून त्याचे बिल करता आले नाही, तर अशी सेवा विकताच येणार नाही.

छोट्या होस्टिंगवाल्याचा पसारा एवढा नसतो. मोठ्या कंपनीकडून सर्व्हरची जागा घाऊक घ्यायची आणि ती दवाखाने, क्लासेस, द्राक्ष निर्यातदार, लॉज अशा गिऱ्हाइकांना वर्षाच्या बोलीने द्यायची, हा त्याचा धंदा. २०२७ च्या सिंहस्थापर्यंत नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या लॉज आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना वेबसाइटची गरज आणखी भासेल. पन्नास ग्राहकांचा हिशेब एक्सेलमध्ये निभतो. पाचशे झाले, की कोणाचे डोमेन कधी संपते, कोणी पैसे भरले, कोणाची तक्रार पडून आहे, हे एका माणसाच्या डोक्यात मावत नाही.

इथे बिलिंग सॉफ्टवेअर लागते. ते मुदतीआधी इन्व्हॉइस पाठवते, आठवण करते, पैसे जमा होताच सर्व्हरवर खाते उघडते, डोमेनचे नूतनीकरण करते आणि थकबाकी राहिली तर साइट बंदही करते. ब्रिटनमध्ये तयार झालेले ‘डब्ल्यूएचएमसीएस’ यात सर्वांत परिचित. अमेरिकेचे ‘ब्लेस्टा’, पोलंडचे ‘होस्टबिल’ आणि मोफत, खुल्या स्रोताचे ‘फॉसबिलिंग’ हे इतर पर्याय. मुंबईच्या तुरखिया बंधूंच्या ‘डायरेक्टी’ने तर स्वतःची ‘ऑर्डरबॉक्स’ ही यंत्रणा उभारली. त्यांच्याच ‘रिसेलरक्लब’चा डोमेन आणि होस्टिंगचा घाऊक व्यवहार तिच्यावरच चालत असे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘एन्ड्युरन्स’ने हे व्यवसाय विकत घेतले.

निवड करताना बहुतेक जण सुविधांची यादी आणि महिन्याचे भाडे बघतात. खरी परीक्षा मात्र आपल्याकडच्या बिलावर होते.

समजा, वर्षाचे होस्टिंग ३,००० रुपयांचे आहे. ग्राहक सिन्नरचा असेल तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा जीएसटी, म्हणजे २७०-२७० रुपये वेगवेगळे दाखवावे लागतात. ग्राहक सुरतचा असेल तर ५४० रुपयांचा एकच आयजीएसटी. दोघेही भरतात ३,५४० रुपयेच, पण बिल चुकीच्या खान्यात पडले तर विवरणपत्र भरताना सीएचा फोन आलाच म्हणून समजा. इन्व्हॉइसचे क्रमांक सलग हवेत, एका आर्थिक वर्षात त्यांची पुनरावृत्ती नको आणि प्रत्येक क्रमांक १६ अक्षरांच्या आत बसायला हवा. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे आपोआप होईल असे गृहीत धरू नये.

टीडीएसची गोष्ट याहून अवघड. एखाद्या कंपनीला १,००,००० रुपयांचा सर्व्हर दिला, जीएसटी धरून बिल झाले १,१८,००० रुपयांचे. कंपनीने समजा मूळ रकमेवर २ टक्के टीडीएस कापला आणि १,१६,००० रुपये पाठवले. ग्राहकाच्या लेखी व्यवहार पूर्ण झाला, सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र २,००० रुपये बाकी. ठरलेल्या मुदतीनंतर रात्रीची स्वयंचलित फेरी सुरू होते आणि सर्वांत मोठ्या, वेळेवर पैसे देणाऱ्या ग्राहकाचा सर्व्हर बंद पडतो. कापलेला कर वेगळा नोंदवून बिल ‘पूर्ण भरले’ असे करता येते का, हे विकत घेण्याआधीच करून पाहावे.

कार्डावरून दर वर्षी आपोआप पैसे कापून घेण्याची परदेशी पद्धतही इथे जशीच्या तशी चालत नाही. रिझर्व्ह बँकेचे १ ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम सांगतात, की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. काही अपवाद सोडले तर १५,००० रुपयांपुढच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे साठवताही येत नाही. म्हणून यूपीआय ऑटोपे आणि भारतीय पेमेंट गेटवेशी जोडणी आहे का, ती कोण सांभाळते आणि बिघडल्यावर दाद कोणाकडे मागायची, हे विचारून घ्यावे.

सुरक्षेचा धडा ‘डब्ल्यूएचएमसीएस’नेच २०१२ मध्ये घेतला. हल्लेखोरांनी कंपनीच्या प्रमुखाचे सोंग घेऊन त्यांच्याच होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचा ताबा मिळवला आणि लाखो ग्राहकांची माहिती बाहेर आली. त्यासाठी सॉफ्टवेअरमधली त्रुटी शोधावी लागली नव्हती. बिलिंगची यंत्रणा ग्राहकांच्या वेबसाइटसोबत एकाच सर्व्हरवर ठेवू नये आणि तिच्या लॉगिनला दुहेरी पडताळणी असावी. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे ‘सर्ट-इन’च्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हर्च्युअल सर्व्हर पुरवणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती सेवा संपल्यावरही पाच वर्षे जपावी लागते, सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते. ही माहिती असते ती याच सॉफ्टवेअरमध्ये.

भाड्याचा हिशेब पुढच्या पाच वर्षांचा करावा. २०१९ मध्ये होस्टिंग सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर देणाऱ्या ‘सीपॅनल’ने सर्व्हरमागे असलेला दर खात्यांच्या संख्येवर नेला आणि जगभरच्या होस्टिंगवाल्यांचे गणित एका फटक्यात बदलले. ‘डब्ल्यूएचएमसीएस’चे भाडेही सक्रिय ग्राहकांच्या संख्येनुसार चढते. ग्राहक दुप्पट झाले तर किती द्यावे लागेल आणि सोडून जायचे ठरवले तर सगळा डेटा नेहमीच्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घेतलेली बरी.

बदल करायचाच असेल तर १ एप्रिल सोयीचा. नव्या आर्थिक वर्षात इन्व्हॉइसची नवी मालिका सुरू करता येते आणि जुनी-नवी बिले एकमेकांत मिसळत नाहीत. त्याआधी महिनाभर नव्या यंत्रणेत खोटे ग्राहक तयार करून एक सिन्नरचे, एक सुरतचे, एक टीडीएस कापलेले आणि एक परतावा दिलेले, अशी चार बिले काढून सीएला दाखवावीत. जुनी यंत्रणा मात्र लगेच पुसून टाकू नये: जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपणे कायद्याने बंधनकारक आहे.