एक नंबरची खोली

रात्रीच्या रिपोर्टची फाइल बिघडलीय, असा हिशोब तपासणाऱ्या टीमकडून सकाळीच फोन आला. बिघडली म्हणजे काय, तर एका ओळीत रकमेचे पहिले दोन आकडे होते, त्यांना चिकटून "कनेक्शन तुटलं, पुन्हा प्रयत्न चालू" अशा अर्थाचं एक वाक्य होतं, आणि रकमेचे उरलेले आकडे पुढच्या ओळीवर जाऊन पडले होते. आदल्या आठवड्यातही एकदा असंच झालं होतं. तेव्हा कुणीतरी ते वाक्य हातानं खोडलं आणि विषय मिटवला. या वेळी पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या प्रोग्रामच्या गप्पा आमच्या पैशांच्या फाइलमध्ये कशाला येतात, साहेब?"

त्या गप्पा म्हणजे लॉग. प्रोग्राम चालताना काय काय घडतंय याची तो ओळीओळीनं नोंद करत असतो, आणि ही नोंद लिहिणारी लॉगिंग लायब्ररी आमचीच होती, सी प्लस प्लसमध्ये, चार-पाच वर्षं बिनतक्रार चाललेली. लॉगच्या ओळी स्टँडर्ड आउटपुटवर जायच्या आणि तिथून कंटेनर त्या उचलून न्यायचा. रिपोर्ट लिहिणाऱ्या कोडचा लॉगिंगशी काडीचा संबंध नव्हता. निदान कागदावर तरी नव्हता.

मी फाइल हेक्स डंपमध्ये उघडली आणि ते आगंतुक वाक्य कितव्या बाइटवर सुरू होतं ते मोजलं. त्याच्या आधी बरोबर १,५१,५५२ बाइट होते. सहज म्हणून ४०९६ नं भागून पाहिलं, तर ३७ आले, बाकी शून्य. इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. रिपोर्ट लिहिणारा कोड प्रत्येक ओळ थेट फाइलमध्ये टाकत नाही. आधी बफरमध्ये साठवतो आणि ४०९६ बाइट भरले की एकदम ओततो. अशा दोन ओतण्यांच्या मधल्या फटीत लॉगची ओळ शिरली होती, म्हणून रक्कम मधोमध तुटली. म्हणजे फाइल नंतर कुणी बिघडवली नव्हती. ती लिहिली जात असतानाच दोन जण एकाच दारातून आत लिहीत होते.

मग एसट्रेस लावला. प्रोग्राम कर्नलकडे जे जे मागतो ते सगळं हे साधन ओळीओळीनं दाखवतं. त्या हजारो ओळींतून कामाच्या तीनच निघाल्या. पहिल्या ओळीत क्लोज १, उत्तर शून्य, म्हणजे यशस्वी. काही सेकंदांनी रिपोर्टची फाइल उघडण्याची विनंती, उत्तर १. आणि त्यानंतर १ वर लिहिलेली लॉगची ओळ.

युनिक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक फाइलला एक छोटा आकडा मिळतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ० म्हणजे इनपुट, १ आउटपुट, २ एरर. हे तीन प्रोग्राम सुरू होतानाच हातात असतात. नवीन फाइल उघडली की मोकळ्या आकड्यांपैकी सगळ्यांत लहान आकडा तिला द्यायचा, असा पॉसिक्सचा नियम आहे. एसटी स्टँडसमोरच्या लॉजसारखं हे. एक नंबरची खोली रिकामी झाली की पुढचं गिऱ्हाईक तिथेच. फक्त आमच्याकडे दूधवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो जुन्या हिशोबानं एक नंबरच्या दारात दूध ठेवत राहिला.

आमच्या लायब्ररीत दोन लॉगर एकाच आउटपुटवर लिहायचे, आणि दोघांनीही आपापल्या पोटात नुसता १ हा आकडा जपून ठेवला होता. एका मॉड्यूलचं काम संपलं, त्याचा लॉगर मोडीत निघाला, आणि जाता जाता त्याच्या डिस्ट्रक्टरनं इमानेइतबारे १ बंद केला. दुसऱ्याला याचा पत्ताच नाही.

तो डिस्ट्रक्टर मीच लिहिला होता. लिहिताना मला त्याचा अभिमानही वाटला असणार, कारण इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल आले की हमखास विचारायचे, "फाइल ओपन केलीस, क्लोज कुठे केलीयेस?" तिथे मार्क कापले जायचे. जी तुम्ही उघडलीच नाही ती बंद केलीत म्हणून मात्र कुणाचे मार्क कापल्याचं मला आठवत नाही.

असा घोळ करणारा मी पहिला नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या दस्तऐवजांत, डेटाबेस कसकसा बिघडू शकतो याची एक प्रांजळ यादी आहे. तिच्यात २०१३ च्या ऑगस्टअखेरची हकिकत येते. फॉसिल नावाची कोड जपणारी प्रणाली आपला सगळा साठा एसक्यूलाइटमध्ये ठेवते. तिच्या मुख्य सर्व्हरवर २ हा डिस्क्रिप्टर कुणीतरी आधीच बंद केला होता, त्यामुळे डेटाबेसच्या फाइलला तोच आकडा मिळाला. पुढे एका असर्टनं आपली तक्रार नेहमीप्रमाणे २ वर लिहिली आणि ती थेट डेटाबेसच्या अंगावर उमटली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आलेल्या ३.८.१ या आवृत्तीपासून एसक्यूलाइट डेटाबेससाठी ०, १, २ हे आकडे घेतच नाही. आमची रक्कम नुसती तुटली होती, त्यांच्याकडे मजकूर पुसला गेला होता.

जावा बनवणाऱ्यांना हा धोका ठाऊक असावा. तिथे प्रोग्रामनं सिस्टिम आउट बंद केलं, तरी युनिक्सवर जेडीके खालचा डिस्क्रिप्टर बंद करत नाही, डेव्ह नलकडे वळवतो. आकडा अडून राहतो, दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पण त्यानंतरची प्रत्येक ओळ गुपचूप नाहीशी होते, आणि प्रिंटस्ट्रीम तर चुका गिळण्यासाठीच प्रसिद्ध. पायथॉननं तिसराच मार्ग धरला आहे. त्याचं स्टँडर्ड आउटपुट बंद केलं तरी खालचा १ शाबूत राहतो, मात्र पुढे लिहायला गेलात की बंद फाइलवर लिहिताय म्हणून जोरात ओरडतो. मला विचाराल तर हाच सगळ्यांत सभ्य. आम्ही सी प्लस प्लसवाले, आम्हाला वाचवायला मध्ये कुणीच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीत सांगता येते: ज्यानं उघडलं त्यानंच बंद करायचं. प्रत्यक्षात तीन दिवस गेले.

१ आणि २ लायब्ररीला उसने मिळालेले आहेत, म्हणून त्यांच्यावर फक्त फ्लश, क्लोज कधीही नाही. पायथॉनचं लॉगिंग पहिल्यापासून हेच करतं. त्याचा स्ट्रीमहँडलर हातातली स्ट्रीम बंद करत नाही, फाइल स्वतः उघडणारा फाइलहँडलर करतो. एवढं अर्ध्या तासात झालं. फ्लशसोबत मी उत्साहानं एफसिंकही जोडला, तर कंटेनरकडे जाणाऱ्या पाइपवर त्यानं अमान्य म्हणून चूक परत केली. पाइपला डिस्क कुठली! तो काढून टाकला.

खरा वेळ खाल्ला तो सामायिक फाइलींनी. पाच लॉगर एकाच फाइलवर लिहितात, फाइल लायब्ररीनंच उघडलेली आहे, मग बंद कुणी करायची? अर्थात शेवटच्यानं. पण शेवटचा कोण हे मोजावं लागतं. लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीत प्रत्येक आउटपुटचा एक मॅनेजर असतो आणि किती जण त्याला धरून आहेत याचा आकडा त्याच्याजवळ असतो. आम्हीही तसंच केलं. नवा लॉगर आला की एक वाढवा, गेला की कमी करा, शून्य झालं की बंद.

आमच्या टीममधल्या नव्या मुलीनं रिव्ह्यूमध्ये विचारलं, "शून्य झाल्यावर आणि बंद करायच्या आधी कुणी नवीन मागायला आला तर?" मी आकडा कुलपाच्या आत कमी करत होतो, पण मॅनेजरांच्या यादीतून नाव खोडत होतो कुलूप सोडल्यावर. त्या एवढ्याशा फटीत दुसऱ्या थ्रेडला मरायला टेकलेली स्ट्रीम मिळाली असती. दोन्ही कामं एकाच कुलपात घेतली. पुढे तिलाच असंही सापडलं, की एकच फाइल सरळ पत्त्यानं आणि सिमलिंकनं अशी दोनदा आली की आम्ही तिला दोन वेगळ्या फाइली समजतो. आता ओळख पत्त्यावरून नाही, डिव्हाइस आणि आयनोड क्रमांकावरून होते.

मग उरला प्रोग्राम संपतानाचा गोंधळ. आमच्या ओळी आधी रांगेत जातात आणि मागचा एक थ्रेड त्या लिहितो. त्यामुळे बंद करण्याला क्रम लागतो: नवीन ओळी घेणं थांबवा, रांग रिकामी होऊ द्या, तो थ्रेड संपेपर्यंत थांबा, फ्लश करा आणि मगच क्लोज. यात अदलाबदल झाली तर शेवटच्या ओळी हरवतात, आणि प्रोग्राम का मेला हे नेमकं त्याच ओळींत असतं. त्यातही सगळं बंद झाल्यावर एखाद्या ग्लोबल ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर "मी निघालो" असं लॉग करायला येतोच. सी प्लस प्लसच्या सी-आउटनं हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. त्याला वापरणारे मोजले जातात, शेवटचा गेला की फ्लश होतं, पण ते ऑब्जेक्ट प्रोग्राम असेपर्यंत नष्ट केलंच जात नाही. आम्ही आमची मॅनेजरांची यादी तशीच ठेवली, मुद्दाम न मोडता. मेमरी तपासणाऱ्या साधनानं नाक मुरडू नये म्हणून वर चार ओळींची टीप लिहिली. बंद झाल्यावर आलेली ओळ आता २ वर जाते.

क्लोजच्या उत्तराकडेही आधी कुणी बघत नव्हतं. काही फाइल सिस्टिमवर, विशेषतः नेटवर्कवरच्या, लिहिण्यातली चूक बंद करतानाच कळते. डिस्क भरल्याचं सोंग करणारी डेव्ह फुल नावाची फाइल लिनक्समध्ये आहे, तिच्यावर आम्ही टेस्ट लिहिली. आणि लिनक्सवर क्लोज सिग्नलमुळे अर्ध्यात तुटला तर पुन्हा करायचा नाही, कारण आकडा तोवर मोकळा झालेला असतो. दुसरा प्रयत्न कुणा तिसऱ्याचीच फाइल बंद करील. म्हणजे परत लॉज, परत एक नंबरची खोली.

नवी आवृत्ती चढवायच्या आधी मी पुन्हा एसट्रेस लावला. ऑपरेशन्सचा मुलगा मागे उभा राहून बघत होता. रिपोर्टच्या फाइलला ७ मिळाला होता. शेवटची ओळ एक्झिट ग्रुपची. वरपर्यंत शोधलं, क्लोज १ कुठेच नव्हतं.

"मग एक बंद कोण करतं?" त्यानं विचारलं.

"कर्नल. प्रोसेस गेल्यावर."

"आणि तुमचा कोड?"

"हात लावत नाही," मी म्हणालो.