वृद्धिघटक आणि मज्जातंतूंच्या वाढीस होणारा ग्लियापेशींचा अवरोध

हातातील मज्जातंतू तुटला असता तो पुन्हा वाढून संवेदना परत येणे शक्य असते. मेरुरज्जूतील तंतू मात्र प्रौढ सस्तन प्राण्यांत एकदा तुटले की सहसा वाढत नाहीत. हा दोष तंतूंच्या अंगचा की परिसराचा? डेव्हिड व अग्वायो यांनी १९८१ साली माँट्रिऑल येथे उंदराच्या पायातील मज्जातंतूचा तुकडा लंबमज्जा व मेरुरज्जू यांमध्ये सेतूप्रमाणे बसविला. मध्यवर्ती पेशींचे तंतू त्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले, परंतु पलीकडे मेरुरज्जूत शिरताच त्यांची वाढ खुंटली. परिसराचा वाटा मोठा आहे, हे यावरून दिसले.

हा परिसर मुख्यत्वे ग्लियापेशींचा, म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींचा होय. त्यांपैकी काही पेशी तंतूभोवती मायेलिनचे वेष्टन घालतात; त्या वेष्टनातच वाढ रोखणारी प्रथिने असतात. इजा झाल्यावर तारकापेशी फुगून तेथे वण तयार करतात व कॉन्ड्रॉइटिन सल्फेटयुक्त प्रोटिओग्लायकने नावाची अवरोधक द्रव्ये स्रवतात.

येथे वृद्धिघटकांचा प्रश्न येतो. नावावरून ते तंतूंचे साहाय्यकच वाटावेत. पण नावाने फसू नये. ‘टीजीएफ-बीटा’ हा घटक जखमेच्या जागी वाढतो आणि तारकापेशींकडून ही अवरोधक द्रव्ये अधिकच निर्माण करवितो. म्हणजे वृद्धी होते ती तंतूची नव्हे, अडथळ्याची! घटक कोणत्या पेशीस मिळाला, यावर फळ अवलंबून असते.

तो केव्हा मिळाला, हेही तितकेच महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात फिल्बिन व सहकारी यांनी १९९९ साली दाखविले, की मज्जापेशींस मेंदूजन्य मज्जापोषक घटक आधी देऊन ठेवला, तर त्या पुढे मायेलिनला जुमानीत नाहीत. मायेलिनशी गाठ पडतानाच दिला, तर मात्र उपयोग होत नाही. कारण हा घटक पेशीतील चक्रीय एएमपी वाढवितो, आणि मायेलिनमधील प्रथिन एका ‘जी’ प्रथिनाच्या द्वारे ती वाढच दाबून टाकते. गंमत अशी, की डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष त्या ‘जी’ प्रथिनास निकामी करते. ते सोबत असल्यास पूर्वतयारीची गरज उरत नाही. अपघातग्रस्त रुग्णाच्या बाबतीत ‘आधी’ ही संधी वैद्यास कधीच मिळत नसल्याने या पळवाटेचे मोल मोठे आहे.

मग वणच नाहीसा करावा काय? सोफ्रोनिएव्ह यांच्या लॉस एंजेलिस येथील गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके हेच करून पाहिले. तारकापेशींचा वण होऊ दिला नाही, तरी तंतू आपण होऊन वाढले नाहीत. उलट, पूर्वतयारी म्हणून संवेदी मज्जातंतूस अगोदर इजा करून जखमेत योग्य वृद्धिघटक सतत पुरविले, तेव्हा वण कायम असूनही तंतू त्यातून पार गेले. आणि वणास प्रतिबंध केलेल्या प्राण्यांत हीच वाढ घटली.