पाटावरचा कॅमेरा आणि छायाचित्राखालचे नाव

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. नवरात्रातील आदिशक्तीची उपासना पूर्णतेस येत असते, आणि तिच्या जोडीने त्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी आणखी एक पूजा मांडली जाते. ती असते हत्यारांची. सुताराचा रंधा, लोहाराचा घण, शेतकऱ्याचा नांगर, गृहिणीची विळी, कारखान्यातील यंत्रे, सर्व स्वच्छ पुसून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि झेंडूची माळ घातली जाते. ज्या साधनाने वर्षभर अन्न दिले, त्यापुढे एक दिवस हात जोडावे, एवढाच या पूजेचा साधा आणि सखोल अर्थ आहे. छायाचित्रकाराच्या घरी त्या पाटावर कॅमेरा असतो.

नवरात्र हा शक्तीचा जागर. परंतु शक्ती केवळ अष्टभुजेच्या मूर्तीत पाहावयाची आणि तिच्या हातातील आयुधाचा विचार करावयाचा नाही, हे अर्धे दर्शन होय. म्हणूनच आजच्या या विशेष पानासाठी आम्ही अशा एका स्त्रीचे स्मरण करीत आहोत, जिने कॅमेरा हेच आपले आयुध मानले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते निष्ठेने चालविले. त्यांचे नाव होमाई व्यारावाला. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्या ओळखल्या जातात. त्या जन्माने पारशी. अग्नीला पावित्र्याचे प्रतीक मानणाऱ्या परंपरेतल्या. परंतु हाताच्या साधनाचा मान ही काही एकाच धर्माची मिरास नव्हे.

रुपयाचे पहिले मोल

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीत होते. त्यामुळे बालपण मंडळीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव हिंडण्यात गेले. पुढे कुटुंब मुंबईत स्थिरावले आणि होमाईंनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कलेचे शिक्षण घेतले. छायाचित्रणाची विद्या मात्र त्यांना माणेकशा व्यारावाला यांच्याकडून लाभली. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबनीस होते आणि छायाचित्रेही घेत. पुढे, १९४१ मध्ये, हे दोघे विवाहबद्ध झाले.

१९३० नंतरच्या त्या दशकात, स्त्रियांच्या एका मंडळाच्या वनभोजनाची होमाईंनी टिपलेली छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक छायाचित्रास एक रुपया मिळाला. ही रक्कम आज कोणास हसू आणील; परंतु कोणत्याही व्यवसायात पहिल्या कमाईला निराळेच मोल असते. आपण पाहिलेले दृश्य दुसऱ्यास छापण्याजोगे वाटते, आणि त्यासाठी तो पदरचे पैसे मोजतो, ही खात्री त्या रुपयात सामावलेली होती.

दृष्टी स्वतःची, नाव पतीचे

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी होमाईंची छायाचित्रे ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’त येऊ लागली. मुंबईचे दैनंदिन जीवन, कलाशाळेतील तरुण मुली, युद्धकाळातील नगरीची धांदल, असे कितीतरी विषय त्यांच्या भिंगाने टिपले. परंतु त्या छायाचित्रांखाली नाव छापले जाई ते माणेकशांचे. होमाई अज्ञात होत्या, आणि त्यातही स्त्री. अशा व्यक्तीच्या नावाला बाजारात वजन नाही, असा त्या काळचा हिशेब होता.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. मुक्त छायाचित्रकाराला महिन्याचा पगार नसतो. फिल्म त्याची, पायपीट त्याची, आणि संपादकाने छायाचित्र परत केले तर नुकसानही त्याचेच. त्याची एकमेव साठवण म्हणजे छायाचित्राखालचे नाव. आज छापलेल्या नावावर उद्याचे काम मिळते, उद्याच्या कामावर परवाचा मान मिळतो. थेंबाथेंबाने तळे साचते. होमाईंचे थेंब मात्र आरंभी दुसऱ्याच घड्यात पडत होते. माणेकशांचा यात लोभ नव्हता. पत्नीस कला शिकविणारे आणि तिच्या पाठीशी उभे राहणारे तेच होते. दोष त्या रीतीचा होता. स्वयंपाक तिचा आणि यजमानपण त्याचे, हे जसे घराघरांत चालत आले, तसेच ते वृत्तपत्राच्या पानावरही चालले.

होमाईंनी यावर उपाय केला तो एकच: काम थांबविले नाही.

‘डालडा तेरा’

१९४२ मध्ये व्यारावाला दांपत्य दिल्लीस गेले आणि ब्रिटिश माहिती सेवेत रुजू झाले. नोकरी सांभाळून बाहेरची कामे करण्यास तेथे मुभा होती. त्यामुळे ‘ऑनलुकर’, ‘इलस्ट्रेटेड वीकली’, तसेच ‘टाइम’ आणि ‘लाइफ’ यांसारख्या परदेशी नियतकालिकांपर्यंत होमाईंचे काम पोहोचले. साडी नेसलेली ही बाई जड कॅमेरा घेऊन सायकलवरून राजधानीत हिंडे, आणि पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत आपली जागा शोधी.

त्या साधनांचे ओझेही लक्षात घेतले पाहिजे. रोलीफ्लेक्स गळ्यात अडकविता येई, परंतु त्यात एका रिळावर बाराच छायाचित्रे निघत. ‘स्पीड ग्राफिक’ हा तर दोन्ही हातांनी पेलावयाचा पेटीवजा कॅमेरा; प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा स्वतंत्र तुकडा लावावयाचा, आणि प्रकाशाचा दिवा एकदा पेटला की निकामी होत असल्याने दर खेपेस नवा बसवावयाचा. भराभर दहा छायाचित्रे घेऊन त्यातले एक निवडण्याची चैन नव्हती. क्षण ओळखावा लागे, आणि तो येण्यापूर्वीच हात सज्ज ठेवावा लागे.

अशा साधनांनी होमाईंनी जून १९४७ मधील काँग्रेस नेत्यांची ती बैठक टिपली, जिच्यात फाळणीच्या बाजूने हात वर झाले. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा टिपला. पंडित नेहरू तर त्यांचे आवडते विषय: हातातून कबुतर सोडणारे नेहरू, विमानतळावर भगिनी विजयालक्ष्मींना कवटाळणारे नेहरू, आणि छायाचित्रे घेण्यास मनाई करणाऱ्या फलकाशेजारीच उभे असलेले नेहरू! १९५६ च्या अखेरीस दलाई लामा नथु-ला खिंडीतून सिक्कीमला आले, तेव्हा ‘लाइफ’साठी ते दृश्य टिपण्यास होमाई तेथवर गेल्या होत्या.

एव्हाना नाव त्यांचे स्वतःचे झाले होते. किंबहुना एक गमतीचे नावही चिकटले होते. त्यांच्या मोटारीचा क्रमांक डी.एल.डी. १३. जन्मसाल १९१३ आणि माणेकशांची पहिली भेट तेराव्या वर्षी. असा तेराचा योग जुळून त्या ‘डालडा तेरा’ झाल्या. ज्या आकड्याला जग अशुभ मानते, तो त्यांनी बिरुदासारखा मिरविला.

हुकलेला क्षण

परंतु या साधनेत एक शल्यही होते. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाई गांधीजींच्या प्रार्थनासभेस जाण्यास निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असा पतीचा निरोप आला आणि त्या मागे फिरल्या. त्याच सायंकाळी महात्माजींची हत्या झाली. पुढे अंत्ययात्रेची छायाचित्रे त्यांनी घेतली; परंतु त्या सायंकाळी आपण तेथे नव्हतो, ही खंत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखविली. शेकडो साधलेल्या क्षणांपेक्षा एक हुकलेला क्षण मनात अधिक काळ राहतो. व्यवसायाशी इमान राखणाऱ्या प्रत्येकास हे ठाऊक असते.

आयुध खाली ठेवताना

माणेकशांचे निधन १९६९ मध्ये झाले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, होमाईंनी छायाचित्रण कायमचे सोडले. वय छप्पन-सत्तावन्न; हात थकले नव्हते. परंतु त्यांच्या पिढीने जे संकेत पाळले, म्हणजे नीटनेटका पोशाख, पाहुण्यांची अदब, आपसांतील शिस्त, ते नव्या धक्काबुक्कीत लोपले होते. ज्या रणात नियम उरले नाहीत, तेथे उभे राहणे त्यांना रुचले नाही. पुत्राबरोबर त्या पिलानीस आणि पुढे वडोदऱ्यास राहिल्या. १९८९ मध्ये पुत्रही कर्करोगाने गेला. त्यानंतर वडोदऱ्यातील घरात, बागकाम आणि घरातील दुरुस्त्या स्वहस्ते करीत, त्या एकट्या राहिल्या. देशाने त्यांची छायाचित्रे पाहिली होती. छायाचित्रकर्तीला मात्र तो विसरत चालला होता.

उशिरा आलेली विजयादशमी

विस्मृतीचा हा पडदा हळूहळू दूर झाला. सबीना गडीहोक या अभ्यासिकेने त्यांच्या जीवनकार्यावर लिहिलेला ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. छायाचित्रांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशन फॉर द आर्ट्सच्या हाती सुरक्षित झाला. २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन भारत सरकारने गौरविले. त्या वेळी त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात त्यांनी जगाचा निरोप घेतला.

एका रुपयापासून पद्मविभूषणापर्यंतचा हा प्रवास सुमारे पाऊणशे वर्षांचा. सन्मान आला याचा आनंद आहेच; परंतु छायाचित्राखाली ज्याचे त्याचे नाव छापण्यास पदकाची वाट पाहावी लागत नाही, हेही विसरता कामा नये. आज लग्नमंडपांत, वारीच्या वाटेवर, पुराच्या पाण्यात उभे राहून कितीतरी मुक्त छायाचित्रकार काम करीत आहेत, आणि त्यांत मुलीही आहेत. त्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, इतरांस दाखवितो. खालचे नाव वाचण्याचे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

यंदाच्या खंडेनवमीस पाटावरच्या साधनांना फूल वाहताना, ती साधने चालविणाऱ्या हातांचेही नाव आपण घ्यावे. शक्तीची ती पूजा अधिक खरी ठरेल. वाचकांस विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!