पोटातल्या गाठी – लेखांक ६ : साकळलेलं रक्त वाढू लागतं तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण चरबीच्या गाठी पाहिल्या. आजची गाठ त्यांच्याहून फसवी आहे. ती कॅन्सरसारखी वाढते, कॅन्सरसारखी दिसते, पण असतं ते जुनं साकळलेलं रक्त.

मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळतं. काळंनिळं, मग हिरवट, मग पिवळट होत ते दोन-तीन आठवड्यांत जिरतं. पोटातलं रक्तही बहुतेकदा असंच जिरतं. क्वचित मात्र ते तिथंच राहतं आणि महिन्यांमागून महिने, कधी वर्षानुवर्षं, हळूहळू वाढत जातं. १९८० साली रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला नाव दिलं ‘क्रॉनिक एक्स्पांडिंग हिमॅटोमा’, म्हणजे महिना उलटून गेल्यावरही वाढत राहणारी रक्ताची गाठ.

नवा मार लागलेला नसताना ती वाढते कशी? जुन्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि त्यांतल्या घटकांमुळे भोवती दाह होतो. दाहातून नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवतात, पण त्या कोवळ्या आणि कच्च्या असतात. त्या झिरपतात, आत ताजं रक्त उतरतं, पुन्हा दाह होतो. बाहेरून शरीर तिच्याभोवती जाड, चिवट कवच घालत जातं. उतारवयात मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठतं, त्यामागंही बरंचसं असंच चक्र असतं.

रुग्ण येतो तो बहुधा ‘पँट कमरेला घट्ट होतेय’ एवढंच सांगत. ताप नाही, फारसं दुखत नाही. अशा वेळी एक साधी तपासणी करावी. रुग्णाला उताणं झोपवून फक्त डोकं उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावरही गाठ हाताला लागत राहिली, तर ती पोटाच्या भिंतीत आहे. लागेनाशी झाली, तर ती बहुधा आत खोल आहे.

पुढची पायरी स्कॅनची. सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढुरकं दिसतं, जुनं होत जाईल तसं काळपट. एमआरआयमध्ये नवं-जुनं रक्त शेजारी शेजारी असल्यानं आत ठिगळं लावल्यासारखी नक्षी दिसते आणि कडेला काळी रेघ. ती रेघ चिवट कवचाची आणि रक्तातून उरलेल्या लोहाची. पेट स्कॅन मात्र चकवू शकतो. साखर भराभर खाणाऱ्या पेशी त्यात उजळतात; कॅन्सरच्या पेशींसारख्या दाह झालेल्या पेशीही ती खातात, म्हणून गाठीची कड उजळते आणि कॅन्सरचा संशय बळावतो.

मग सुईनं तुकडा काढून पाहावा का? इथं दुसरा धोका आहे. सार्कोमा या कॅन्सरच्या गाठीतही रक्तस्राव होतो. सुईत नुसतं रक्त आलं म्हणून ‘कॅन्सर नाही’ असं म्हणता येत नाही. नुसतं रक्त उपसून काढल्यानंही भागत नाही. झिरपणारं कवच आत राहिलं तर गाठ पुन्हा भरते. म्हणून शक्य तिथं कवचासकट पूर्ण गाठ काढणं हाच भरवशाचा उपाय, आणि सगळी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच निदान पक्कं होतं.

या सगळ्या यंत्रांना न दिसणारी एक गोष्ट रुग्णाकडे असते : जुनी आठवण. गाडीवरून पडणं, जनावरानं मारलेली धडक, पूर्वीचं ऑपरेशन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. दहा वर्षांपूर्वीच्या माराचा आज काय संबंध, असं वाटून माणसं ते सांगत नाहीत, आणि घाईत डॉक्टरही विचारत नाहीत. डॉक्टरांनी ते विचारायलाच हवं.

वाचकांना विनंती एवढीच : पोटात गाठ आढळली तर घाबरून खचू नका आणि दुखत नाही म्हणून अंगावरही काढू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना जुने कागद सोबत न्या आणि लागलेला प्रत्येक मार, कितीही जुना असला तरी, आठवून सांगा.