पेटी एकच, मापं दोन!

दोस्तांनो, रत्नागिरीच्या मुलांना पेटी म्हणजे काय हे सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात पडवीत, एसटी स्टँडवर, टेम्पोत, जिकडे बघावं तिकडे आंब्याच्या पेट्या! आता मला सांगा, पेटीची रुंदी मोजायची तर कुठून कुठपर्यंत मोजाल? आतल्या आंब्यांपुरती, की बाहेरच्या फळीपासून फळीपर्यंत?

हसू नका. याच प्रश्नापायी वेबसाइट बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं डोक्याला हात लावलाय. उद्या तुम्ही घरच्या बागेच्या हापूससाठी एखादं वेबपान बनवायला घेतलंत, तर तोच प्रश्न तुमच्याही पुढ्यात येणार.

वेबपानाचा मजकूर लिहितात एचटीएमएलमध्ये आणि त्याची सजावट, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार, सोडायची जागा वगैरे, सांगतात सीएसएसमध्ये. ही सीएसएसची कल्पना नॉर्वेच्या हाकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली. तेव्हा ते सर्न या संशोधनसंस्थेत काम करत होते. वेबचा जन्मही तिथलाच. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसचे पहिले नियम पक्के झाले.

या नियमांत पानावरची प्रत्येक गोष्ट ही एक पेटीच असते, बरं का! शीर्षक एक पेटी, फोटो एक पेटी, ‘मागणी नोंदवा’ हे बटण आणखी एक पेटी. आतला मजकूर म्हणजे आंबे. भोवतीचा पेंढा म्हणजे पॅडिंग. लाकडी फळी म्हणजे बॉर्डर. आणि दोन पेट्यांमध्ये सोडलेली मोकळी जागा म्हणजे मार्जिन.

नियम सांगत होता की रुंदी म्हणजे फक्त आंब्यांची रुंदी. समजा तुम्ही लिहिलंत, रुंदी ३०० पिक्सेल, पेंढा दोन्ही बाजूंना २०-२०, फळी ५-५. (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका.) मग पूर्ण पेटी भरली ३०० अधिक ४० अधिक १०, म्हणजे ३५० पिक्सेल. पण विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ हा ब्राउझर निराळाच हिशेब करायचा. तो म्हणायचा, ३०० म्हणजे फळीसकट ३००! मग आंब्यांना उरले २५० पिक्सेल. तेच पान, तोच कोड, पण नेटस्केपमध्ये एक दिसणार आणि एक्सप्लोररमध्ये भलतंच. पुढे २००१ साली आलेला एक्सप्लोरर ६ नियमाप्रमाणे मोजू लागला, तोही पानाच्या पहिल्या ओळीत ‘डॉकटाइप’ नीट लिहिला असेल तरच.

इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निरोप दिला. आता क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे सगळे एकाच मापाने मोजतात. मग भांडण मिटलं म्हणायचं? छे! आता ते फोनवर येऊन बसलंय.

तुम्ही संगणकावर पान बनवलंत, छान दिसलं. पुण्याच्या आजींनी ते आपल्या फोनवर उघडलं. त्यांचा पडदा ३६० पिक्सेल रुंद. तुम्ही पेटीला रुंदी दिलीय १०० टक्के, म्हणजे ३६०. वर पेंढा २०-२०. झाले ४००! चाळीस पिक्सेल पडद्याबाहेर. डझनाचा भाव अर्धा कापलेला आणि बटण कडेला गायब. आजी दोनदा बोट फिरवतात, चष्मा पुसतात आणि फोन ठेवून देतात. मागणी गेली! तुम्हाला मात्र कळणारही नाही, कारण तुमच्या पडद्यावर सगळं जागच्या जागी आहे.

यावर उपाय एका ओळीचा आहे. सीएसएसच्या सुरुवातीला, सगळ्या पेट्यांसाठी मिळून, ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ अशी किंमत द्यायची. (कोडमध्ये हे शब्द अर्थात रोमन लिपीतच लिहायचे.) म्हणजे ब्राउझरला सांगायचं, बाबा रे, फळीसकट मोज. आता ३६० म्हणजे ३६०च. गंमत बघा, ज्या मापाबद्दल जुन्या एक्सप्लोररला इतकी बोलणी खावी लागली, तेच माप सोयीचं म्हणून आज बहुतेक जण मुद्दाम मागून घेतात! माझ्या मते तो बिचारा मोजणीत शहाणा होता. चूक एवढीच की ठरलेला नियम मोडून एकटाच शहाणा झाला.

पण कुठली पेटी बाहेर जातेय हे ओळखायचं कसं? सगळ्या पेट्यांना लाल ‘आउटलाइन’ द्या. बॉर्डर नको हं, ती स्वतः जागा खाते आणि माप बिघडवते. आउटलाइन जागा खात नाही. लाल रेघ पडद्याबाहेर पळताना दिसली की चोर सापडला. तरीही नाही सापडला, तर अर्धा कोड बाजूला काढून ठेवा. बिघाड गेला? मग तो त्या अर्ध्यात आहे. त्याचेही दोन भाग करा. शंभर ओळींतली चुकीची ओळ अशी सहा-सात खेपांत हाती लागते. सगळं एकदम बदलत बसलात, तर मात्र दुरुस्त कशामुळे झालं तेही समजणार नाही.

आता आपल्या मराठीची निराळी खोड. ‘रत्नागिरी’ हाच शब्द घ्या. आपल्याला अक्षरं दिसतात चार. संगणकाच्या पोटात मात्र नऊ चिन्हं असतात: र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी साठवतात ‘ग’च्या नंतर, पण काढायची असते ‘ग’च्या आधी. हे सगळं जुळवून ब्राउझर शब्द उभा करतो. युनिकोडची ही पद्धत रुळण्यापूर्वी अनेक मराठी साइटचे फाँट आपापले वेगळे असत. तो फाँट तुमच्याकडे नसला की ‘रत्नागिरी’च्या जागी नुसती गिचमिड!

आज ती गिचमिड सहसा दिसत नाही, पण इंग्रजी पानांची सजावट उचलली की नव्या भानगडी होतात. ‘लेटर-स्पेसिंग’ने अक्षरं लांब केलीत तर शिरोरेषेचे तुकडे पडतात, म्हणून ते मराठीला लावूच नका. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या बेताने ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. ‘लाइन-हाइट’ १.६ च्या आसपास ठेवून बघा. आणि पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, असं एचटीएमएलमध्ये जरूर लिहा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत ना? फाँटात दोन्ही वळणं असतील, तर या एका सूचनेवरून ब्राउझर आपली निवडतो.

चला तर, या सुट्टीत एक पान बनवाच. नाव, भाव, एक फोटो आणि एक बटण, एवढं पुरे. फोन नंबर टाकायचा असेल तर आधी आई-बाबांना विचारा. मग ते पान तुमच्या फोनवरच्या क्रोममध्ये, कुणाच्या तरी आयफोनवरच्या सफारीत आणि संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये उघडा. फोन आडवा करा. अक्षरं आजींसारखी मोठी करा. शेवटी घरातल्या कुणाला तरी फोन देऊन म्हणा, “एक डझन मागवून दाखवा.” तुम्ही शेजारी बसा, पण काही सांगू नका. त्यांचं बोट कुठे अडतं, तेवढं बघा.